नखाएवढी कोठी

बडोद्यात 'कोठी' म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे सरकारी कचेरीची ती जुनी इमारत उभी राहते. आज आम्हाला लिहावयाचे आहे ते दुसऱ्या कोठीविषयी. स्वयंपाकघराला लागून असलेली, वर्षाचे धान्य, लोणच्याच्या बरण्या आणि सांडग्यापापडांचे डबे पोटात घेऊन बसलेली ती अंधारी खोली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तिचे महत्त्व सांगावयास नको. अवेळी पाहुणा आला तरी घरची लाज राखणारी ती कोठीच. तिच्यात काय ठेवावयाचे, कशात ठेवावयाचे आणि कोणती बरणी कोणत्या फळीवर, हे ठरविण्याचा अधिकार घरातल्या सर्वांत जाणत्या स्त्रीचा असे.

आता घरे लहान झाली आणि कोठी गेली. तिची जागा एका अर्थाने ज्या वस्तूने घेतली आहे, ती १५ मिलिमीटर लांब, ११ मिलिमीटर रुंद आणि १ मिलिमीटर जाड आहे. मोबाइल फोनमध्ये घालावयाचे मेमरी कार्ड ते हेच. नातवाचे बारसे, मुलीच्या लग्नातील सप्तपदी, गेलेल्या वडिलांचा शेवटच्या वाढदिवसाचा आवाज, सारे काही या नखाएवढ्या कोठीत साठविले जाते. आणि ही कोठी कोणती घ्यावयाची हे मात्र आपण बहुधा दुकानदारावर सोपवून मोकळे होतो.

या विषयावर गेल्या काही महिन्यांत बरीच पत्रे जमली आहेत. मांजलपूरच्या एक वाचक भगिनी विचारतात की, एकाच आकड्याची दोन कार्डे असून एकाची किंमत दुसऱ्याच्या तिप्पट कशी? इंदूरचे एक निवृत्त शिक्षक लिहितात की, ६४ चे कार्ड घेतले तर फोन ५९ च दाखवितो, तेव्हा मधले पाच गेले कोठे? आणखी एका पत्रात घरातली ओळखीची तक्रार आहे: फोनमधली जागा संपली, मुले म्हणतात नवा फोन घ्या, कार्डाने भागेल काय? या पत्रांना उत्तर देण्याचा थोडाबहुत अधिकार आम्हाला आहे, कारण या बाबतीत आम्ही स्वतः फसलो आहोत, आणि चांगलेच फसलो आहोत. म्हणून आधी ती हकीकत.

आमच्या आत्याबाई दांडिया बाजारात राहतात. वय ८७, पण वाणी अजून खणखणीत. त्यांच्या सासूबाई लग्न होऊन धारहून बडोद्यास आल्या होत्या, आणि येताना जात्यावरच्या ओव्यांचा एक मोठा ठेवा घेऊन आल्या होत्या. त्यांतील चाळीसएक ओव्या आत्याबाईंना पाठ. त्यांत माळव्यातील नद्यांची नावे आहेत, बडोद्याच्या मांडवीचा उल्लेख आहे, माहेर आणि सासर यांमधल्या लांबच लांब वाटेचे वर्णन आहे. कोणत्याही छापील संग्रहात त्या आमच्या पाहण्यात आल्या नाहीत. तेव्हा आत्याबाईंना समोर बसवून त्या चित्रित करून घ्याव्यात, असे आमच्या पुतण्याने सुचविले आणि ते सर्वांनाच पटले.

फोनमध्ये जागा नव्हती. आम्ही एका लहानशा दुकानातून १२८ जीबीचे कार्ड घेतले. दुकानदार म्हणाला, "काका, एकदम ओरिजिनल छे, बेफिकर लई जाओ." किंमत इतकी कमी की आम्ही मनातल्या मनात स्वतःच्या व्यवहारचातुर्यावर खूष झालो. चार रविवार आम्ही आत्याबाईंकडे गेलो. दर रविवारी दीड तास चित्रण होई. संपल्यावर पुतण्या फोनमध्ये पाही, तर त्या दिवसाचे नाव आणि आकडा यादीत व्यवस्थित उमटलेला असे. आम्ही निश्चिंत होतो.

महिन्याभराने सर्व मंडळी एकत्र जमली असता चित्रण लावले. पहिल्या रविवारचा जेमतेम तासभर चालला. त्यापुढे काही नाही. दुसरा, तिसरा, चौथा रविवार, सर्वांची नावे यादीत होती, आकारही होते. उघडून पाहावे तर आत रिकामे. आणि तो पहिला तास कशाचा, तर आत्याबाई पदर सावरीत आहेत, "आधी चहा घ्या रे, मग काय ते विचारा" म्हणत आहेत, आणि फोन कोणत्या उशीला टेकवून ठेवावा याबद्दल पुतण्या आणि सून यांचा वाद चालला आहे. ओव्या पहिल्या तासानंतर सुरू झाल्या होत्या.

एका जाणकार तरुणाकडे कार्ड नेले. त्याने ते संगणकाला जोडले, अर्धा तास पाहिले आणि म्हणाला, "काका, पुसले गेलेले कधीकधी परत मिळते. पण हे कार्ड मुळात ८ जीबीचे आहे. बाकीचे लिहिलेच गेले नाही. जे लिहिलेच नाही ते वाचणार कोठून?"

हे कसे घडते ते समजून घेणे अवघड नाही. कार्डाच्या आत दोन गोष्टी असतात: माहिती साठविणारा स्मृतीचा भाग, आणि त्यावर देखरेख करणारा एक सूक्ष्म नियंत्रक. फोन किंवा संगणक प्रत्यक्ष खोल्या मोजावयास आत जात नाही. तो या नियंत्रकाला विचारतो आणि तो सांगेल त्यावर विश्वास ठेवतो. एखाद्या धर्मशाळेत आठच खोल्या असाव्यात आणि लाच खाल्लेल्या रखवालदाराने १२८ आहेत असे सांगावे, तसा हा प्रकार. यात्रेकरू येतात, रखवालदार वहीत नावे लिहून घेतो, सामान आत घेतो, आणि नवव्या खोलीपासून पुढचे सामान मागच्या दाराने उकिरड्यावर टाकतो. कधी नव्या यात्रेकरूसाठी जुन्याचे सामान फेकून देतो. वही मात्र निर्दोष असते. आम्ही चार आठवडे ती वहीच पाहत होतो.

यावर खात्रीचा उपाय एकच. नवे कार्ड आणल्यावर त्यात महत्त्वाचे काही ठेवण्यापूर्वी ते एकदा काठोकाठ भरावे आणि भरलेले सर्व पुन्हा वाचून पाहावे. हे काम करणाऱ्या आज्ञावली विनामूल्य मिळतात. विंडोज संगणकासाठी 'एच२टेस्टडब्ल्यू' आणि लिनक्स व मॅक यांसाठी 'एफ३' या त्यांपैकी प्रसिद्ध आहेत. मोठ्या कार्डाला काही तास लागतात, पण ते यंत्राचे तास. आपण रात्री लावून निजावे. घरी संगणक नसेल तर फोनमधील मोठमोठी चित्रणे कार्ड भरेपर्यंत त्यावर पुनःपुन्हा उतरवावीत आणि मग पहिले, मधले आणि शेवटचे उघडून नीट चालवून पाहावे. नुसती यादी पाहून समाधान मानू नये. याखेरीज कार्ड अधिकृत विक्रेत्याकडून पावती आणि हमीपत्रासह घ्यावे. वेष्टनावर नामांकित कंपनीचे नाव आहे एवढ्याने भागत नाही, कारण नक्कल करणारे नेमकी तीच नावे निवडतात. बाजारभावाच्या पाव किमतीत मिळणारी वस्तू पाव किमतीचीच असण्याचा संभव अधिक.

आता इंदूरच्या शिक्षकांचे पाच जीबी. त्यांना कोणी फसविलेले नाही. कार्ड बनविणारे १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट असे दशमान पद्धतीने मोजतात. संगणक आणि पुष्कळसे फोन १०२४ च्या पटीत मोजतात, आणि त्या मापाने ६४ जीबी ही सुमारे ५९.६ भरते, ३२ ची २९.८ होते आणि १२८ ची ११९. येथल्या बाजारात मण म्हणजे २० किलो, आणि इंग्रजी अमदानीतला ४० शेरांचा मण ३७ किलोंहून थोडा अधिक. दोन्हींना मणच म्हणत. माल तोच, माप निराळे. तेव्हा ६४ च्या जागी ५९ दिसले तर चिंता नको.

या वस्तूचा इतिहासही थोडक्यात सांगण्यासारखा आहे. ज्या स्मृतीवर ही कार्डे चालतात तिला 'फ्लॅश' स्मृती म्हणतात. जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका या संशोधकाने १९८० नंतरच्या दशकात ती सिद्ध केली. तिच्यातील मजकुराचा मोठा भाग एका क्षणात पुसला जातो. ते पाहून त्यांच्या एका सहकाऱ्याला छायाचित्रकाराच्या दिव्याचा लखलखाट आठवला आणि त्यावरून हे नाव पडले, असे सांगतात. १९९९ मध्ये सॅनडिस्क, मात्सुशिता म्हणजेच पॅनासॉनिक, आणि तोशिबा या तीन कंपन्यांनी मिळून 'एसडी' कार्ड आणले. फोनसाठी त्याहूनही लहान रूप २००४ मध्ये निघाले आणि २००५ पासून 'मायक्रोएसडी' या नावाने रूढ झाले. आपण फोनमध्ये घालतो ते हेच.

या कार्डाच्या इवल्याशा पाठीवर इतकी अक्षरे आणि आकडे छापलेले असतात की, पंचांगाची आठवण व्हावी. परंतु पंचांगाप्रमाणेच, रोजच्या व्यवहाराला लागणाऱ्या खुणा त्यांत थोड्याच आहेत.

पहिली खूण कुळाची. २ जीबीपर्यंतचे साधे एसडी. त्यापुढे ३२ जीबीपर्यंत 'एसडीएचसी'. ३२ च्या वर २ टीबीपर्यंत, म्हणजे २००० जीबीपर्यंत, 'एसडीएक्ससी'. वरच्या कुळासाठी केलेला फोन खालच्या कुळाचे कार्ड स्वीकारतो. पण केवळ एसडीएचसीसाठी केलेल्या जुन्या फोनमध्ये ६४ चे कार्ड चालेल याचा भरवसा नाही. आजीकडे नातवाचा जुना फोन आलेला असेल तर हे अवश्य पाहावे. फोनबरोबर आलेल्या पुस्तिकेत किती जीबीपर्यंतचे कार्ड चालते ते दिलेले असते. आपण ती पुस्तिका डब्यासकट माळ्यावर टाकतो, हा भाग वेगळा.

दुसरी खूण वेगाची. एका वर्तुळात १० हा आकडा असेल तर ते कार्ड सेकंदाला किमान १० एमबी लिहून घेते, असा त्याचा अर्थ. इंग्रजी 'यू' अक्षराच्या आकृतीत १ असेल तर तेच १० एमबी, आणि ३ असेल तर ३० एमबी. 'व्ही' अक्षरापुढे १०, ३० असे आकडे असतात, त्यांचा अर्थ सरळ आहे: तितक्या एमबी. फोनवरील नेहमीच्या 'फुल एचडी' चित्रणाला सेकंदाला दोनएक एमबी पुरतात. त्याहून स्पष्ट अशा 'फोर-के' चित्रणाला पाच-सहा. म्हणजे 'यू' मधला १ घरगुती कामास पुरेसा, आणि फोर-के चित्रण वारंवार करणाऱ्यांनी ३ किंवा 'व्ही-३०' घेतले की पुढची काळजी मिटते. वेष्टनावर ठळक अक्षरांत सेकंदाला १०० एमबी असे लिहिलेले असते, तो आकडा बहुधा वाचण्याच्या वेगाचा असतो, लिहिण्याचा नव्हे. घेणाऱ्याचा उत्साह पाहून देणाऱ्याचा अंदाज बांधू नये, तसेच हे.

तिसरी खूण 'ए-१' किंवा 'ए-२'. फोनमधली ॲप कार्डावर ठेवावयाची असतील तरच तिचे महत्त्व. एक मोठे चित्रण सलग लिहिणे आणि शेकडो लहान लहान नोंदी इकडून तिकडून काढणे, ही कामे भिन्न आहेत. पहिले गोणी उतरविण्यासारखे, दुसरे वाण्याच्या दुकानात पुड्या बांधण्यासारखे. ए-१ चे कार्ड सेकंदाला अशा किमान १५०० नोंदी वाचते आणि ५०० लिहिते. ए-२ चे ४००० वाचते आणि २००० लिहिते, पण त्याचा पुरा लाभ फोन त्या जातीचा असेल तरच होतो. केवळ छायाचित्रे आणि गाणी ठेवणाऱ्याने या खुणेसाठी अधिक पैसे देण्याचे कारण नाही.

मांजलपूरच्या भगिनींना त्यांच्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळाले असेल. जीबीचा आकडा सारखा असला तरी वेग निराळा, आणि आणखी एक न दिसणारी गोष्ट निराळी: टिकाऊपणा. कार्डातील प्रत्येक कप्प्यात विद्युत्कण कोंडून ठेवलेले असतात आणि त्यांच्या प्रमाणावरून माहिती वाचली जाते. पूर्वी एक कप्पा म्हणजे एक बरणी, भरलेली की रिकामी एवढेच पाहावयाचे. पुढे एकाच बरणीत अधिक माहिती बसविण्यासाठी ती किती भरली आहे याच्या आठ पायऱ्या मानू लागले, आणि आता काही कार्डांत सोळा. कार्ड स्वस्त झाले, पण भरलेली-रिकामी ओळखणे जितके सोपे तितके सोळांतली अकरावी पायरी ओळखणे सोपे नाही. शिवाय प्रत्येक वेळी पुसून लिहिताना कप्प्याची भिंत किंचित झिजते. म्हणून दारावरच्या कॅमेऱ्यात अहोरात्र चित्रण पुसून पुन्हा लिहावयाचे असेल तर त्यासाठी अधिक झीज सोसणारी खास कार्डे मिळतात, ती घ्यावीत. फोनचे साधे कार्ड तेथे लवकर थकते.

किती मोठे कार्ड घ्यावे? एक छायाचित्र ४ एमबीचे धरले तर ६४ जीबीत १६ हजार मावतात. पुस्तकाचा नुसता मजकूर ठेवावयाचा तर प्रत्येकी दोन एमबी धरूनही ३० हजारांवर पुस्तके बसतात. सयाजीराव महाराजांच्या राज्यात गावोगाव फिरणाऱ्या पुस्तकांच्या लाकडी पेट्या आठवून पाहाव्यात. चित्रणाची गोष्ट मात्र वेगळी. फुल एचडी चित्रणाचा एक तास सात-साडेसात जीबी खातो, म्हणजे ६४ जीबीत आठच तास. उलट नुसता आवाज चांगल्या प्रतीचा घेतला तरी तासाला ६० एमबीच्या आत राहतो, आणि त्याच कार्डात हजार तास मावतात. आमच्या पुतण्याने ओव्यांचा नुसता आवाज घेतला असता तर ते चारही रविवार त्या खोट्या कार्डाच्या खऱ्या आठ जीबीत आरामात बसले असते. हे आमच्या ध्यानात आले तेव्हा आम्ही कपाळावर हात मारून घेतला. एकंदरीत घरगुती उपयोगाला ६४ किंवा १२८ जीबी, 'यू' मध्ये १, आणि ॲप ठेवावयाची असल्यास ए-१, एवढे पाहिले म्हणजे पुरे.

नव्या फोनबद्दल विचारणाऱ्यांनी एक करावे: आपल्या फोनला कार्डाची खाच आहे काय ते आधी पाहावे. ॲपलच्या आयफोनला २००७ पासून ती कधीच नव्हती, आणि इतर महागड्या फोनांतूनही ती बरीचशी नाहीशी झाली आहे. काही फोनांत दुसरे सिमकार्ड आणि मेमरी कार्ड यांना एकच जागा असते. दुसरा नंबर ठेवावा की कार्ड, याचा निर्णय घरातच करावा लागतो. खाच असेल आणि छायाचित्रे-चित्रणे यांनीच जागा अडलेली असेल, तर कार्डाने खुशाल भागेल. फोनच मंद झाला असेल तर मात्र कार्ड घातल्याने त्याला तारुण्य येत नाही.

कार्ड प्रथम घातल्यावर काही अँड्रॉइड फोन एक प्रश्न विचारतात: हे कार्ड सुटे वापरावयाचे की फोनचाच भाग करावयाचा? ही सोय २०१५ च्या आवृत्तीपासून आली. फोनचाच भाग केले तर त्यावरील सर्व माहिती त्या एका फोनच्या गुप्त किल्लीने बंद होते. पुढे फोन पाण्यात पडला किंवा जळला तर ते कार्ड दुसऱ्या कोणत्याही यंत्रात वाचता येत नाही. आठवणी जपण्यासाठी कार्ड घेणाऱ्यांनी 'सुटे' हेच उत्तर द्यावे.

निगा राखण्याचे नियम आपल्या कोठीच्याच नियमांसारखे आहेत. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन आधी कार्ड बंद करावे, मगच बाहेर काढावे. लिहिणे चालू असताना ओढून काढलेले कार्ड म्हणजे अर्धवट झाकलेली बरणी. पिवळ्या पट्ट्यांना ओला किंवा तेलकट हात लावू नये. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ते ठेवू नये. चुकून काही पुसले गेले तर त्या क्षणी कार्ड वापरणे थांबवावे. पुसताना बहुधा यादीतील नोंद जाते, मजकूर तेथेच असतो, आणि त्यावर नवे काही लिहिले गेले नसेल तर 'फोटोरेक' सारखी आज्ञावली तो परत मिळवून देऊ शकते.

आणि आता सर्वांत महत्त्वाचे. खरे, उत्तम, पावतीसह घेतलेले कार्डही कायमचे नाही. कोंडून ठेवलेले विद्युत्कण वर्षानुवर्षे पडून राहिल्यास हळूहळू झिरपतात, उष्णतेत अधिक लवकर. कपाटाच्या खणात दहा वर्षे ठेवलेले कार्ड उघडेलच असे छातीठोकपणे कोणी सांगू नये. म्हणून जे एकाच ठिकाणी आहे ते जणू नाहीच, असे समजून वागावे. एक प्रत कार्डावर, दुसरी घरच्या संगणकावर किंवा वेगळ्या तबकडीवर, आणि तिसरी शक्यतो दुसऱ्या गावी. ज्यांना इंटरनेटवरची साठवण परवडते त्यांनी तीही करावी. तिचे भाडे चालू राहते एवढे ध्यानी ठेवावे.

ही शिकवण काही संगणकाने आणलेली नाही. आपल्या बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती १९६० ते १९७५ या काळात सात कांडांत प्रसिद्ध केली, ती कशाच्या बळावर? देशाच्या निरनिराळ्या भागांत, निरनिराळ्या लिप्यांत, कोणा अनाम लेखकूंनी नकला करून ठेवलेल्या पोथ्यांच्या बळावर. एका पोथीला वाळवी लागली तर दुसरीत ते पान शिल्लक होते. एकीत चुकले ते दुसरीत बरोबर होते. कोणतीही एक पोथी अमर नव्हती. नकला करणारे हात थांबले नाहीत, म्हणून ग्रंथ उरला.

आमच्या हकीकतीचा शेवट सांगावयाचा राहिला. नवे कार्ड तपासून घेऊन आम्ही श्रावणात पुन्हा आत्याबाईंकडे गेलो. झाला प्रकार त्यांना ठाऊक होता. त्यांनी कुरकुर न करता ओव्या म्हणण्यास आरंभ केला. पण मागच्या चार महिन्यांत मध्ये एक आजारपण येऊन गेले होते. काही ओव्या अर्ध्यावर थांबल्या. नदीची नावे असलेली एक ओवी तर पहिल्या चरणापुढे जाईना. आम्ही म्हणालो, "आत्याबाई, आठवून पाहा ना, मागच्या वेळी म्हटली होतीत." तेव्हा त्या म्हणाल्या, "मागच्या वेळी तुमच्या यंत्राकडे दिली होती ना? आता त्यालाच विचारा." यावर बोलण्यासारखे आमच्याजवळ काही नव्हते.

त्या दिवशी २९ ओव्या मिळाल्या. सुनेने त्या वहीतही लिहून घेतल्या. आवाजाच्या तीन प्रती केल्या आणि त्यांतील एक कार्डावर घालून आत्याबाईंच्या नणंदेकडे ग्वाल्हेरला पाठविली. त्यांचे वय ८१. लहानपण दांडिया बाजारातल्या त्याच घरात गेलेले, आणि ओव्या त्यांच्या आईच्याच. दिवाळीच्या आधी त्यांच्या मुलाचा फोन आला. आईने सर्व ऐकले, म्हणाला, आणि ती नदीची अर्धी राहिलेली ओवी ऐकता ऐकता आपोआप पुरी केली. आणखी तीनही तिला आठवल्या आहेत. त्याने त्या तेथे टिपून आमच्याकडे धाडल्या.

आम्ही त्या लगोलग आत्याबाईंना नेऊन ऐकविल्या. डोळे मिटून त्यांनी शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाल्या, "वन्संची चाल पहिल्यापासून चुकते. पण शब्द बरोबर आहेत. लिहून घ्या."